लाडवांचा डबा आणि झाकलेली विहीर

माझ्या डिंकाच्या लाडवांची गोष्ट आमच्या घरी आलेल्या बहुतेक पाहुण्यांनी ऐकलेली आहे. काहींनी तर दोनदा. डिंक कसा करपला, गुळाचा पाक कसा पुढे गेला, एक लाडू हातून निसटला तेव्हा मोरीच्या फरशीचा टवका कसा उडाला, हे मी हातवारे करून सांगतो. लोक हसतात. बायको चहाचे कप घेऊन येते, माझं संपेपर्यंत उभी राहते आणि काही न बोलता कप ठेवून आत जाते.

गेल्या महिन्यात मुलगी आली होती. सातवा लागलाय तिला. जेवणं झाल्यावर तिने आईला विचारलं, "माझ्या वेळी तुझं बाळंतपण कुणी केलं गं?"

मी लगेच सरसावून बसलो. घसासुद्धा खाकरला.

"तुम्हीच सांगा," बायको म्हणाली. "तुम्हाला आवडतं सांगायला. पण या वेळी सगळं सांगा."

मी उठून आधी पाणी प्यायलो. कारण इतकी वर्षं मी फक्त माझ्या फजितीची बाजू सांगत आलो होतो. फजिती सांगायला सोपी असते. तीत माणूस मूर्ख ठरतो, पण वाईट ठरत नाही. उरलेलं त्या दिवशी मुलीला सांगितलं. आता लिहून ठेवतो.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. वसईत उमेळ्याच्या रस्त्याला एका नव्या इमारतीत आम्ही दोन खोल्या घेतल्या होत्या. इमारतीमागे अजून चिकूची झाडं उभी होती, ती केवळ बिल्डरला सवड झाली नव्हती म्हणून. बायकोची आई ती सहावीत असताना गेलेली. माझी आई रत्नागिरीकडे गावी, गुडघ्यांनी इतकी अडकलेली की उंबरठा ओलांडायला दोन माणसं लागत. मग बाळंतपण करायचं कुणी? "मी करतो की! त्यात काय एवढं!" असं मी म्हणालो तेव्हा बायको खो खो हसली होती. ती तशी हसणारीच बाई. माझे विनोद मी तिसऱ्यांदा सांगायला लागलो की शेवटचं वाक्य माझ्याआधी सांगून मोकळी व्हायची.

शेजारणीने गिरीजचा पत्ता दिला. तिथे एका वाडीत निवृत्त झालेली एक नर्स राहायची. नवरा वारलेला, मुलगा आखातात. घराच्या दोन खोल्यांत ती तीन-चार बाळंतिणी सव्वा महिना ठेवून घ्यायची. ज्यांना माहेर नाही किंवा असून नसल्यासारखं आहे, अशा. मालिश, शेक, धुरी, न्हाऊमाखू, पथ्याचं जेवण, सगळं तिच्याकडे. सगळे तिला 'बाय' म्हणत. तिच्या घरच्या बोलीतलं मला निम्मं कळायचं नाही. आमच्याशी बोलताना ती ठेवणीतलं लुगडं काढावं तशी शाळेतली मराठी काढायची. भिंतीवर मदर मेरीची तसबीर, तिच्याखाली दिवा. आणि शेजारच्या कोनाड्यात, येणाऱ्या हिंदू बायकांसाठी, गणपतीचं कॅलेंडर. आमची मुलगी पाच दिवसांची असताना बायको तिथे गेली, तर पाचवीची पूजा बायनेच मांडली. पाटा-वरवंटा, हळदकुंकू, काही चुकलं नाही. मीच विचारत होतो, "याचं काय करायचं?"

बायचा नियम एकच. नवऱ्यांनी यायचं ते रविवारी, तीन ते पाच. आल्यावर आधी विहिरीचं पाणी शेंदून न्हाणीतली दोन पिंपं भरायची, मग बायकोला भेटायचं.

"नऊ महिने तिने उचललं, जावई. तुम्ही दोन पिंपं उचला," ती म्हणायची. सगळे नवरे तिचे जावई.

सरकारी कचेरीत टिपणं लिहून मऊ झालेले माझे हात पहिल्याच रविवारी सोलवटले. त्या हातांनी मी बायकोपुढे डबा ठेवला. पितळी, कडीचा, तिच्या आईचा. आत माझे लाडू. शेजारणीला विचारून, दोन रात्री खपून केलेले. आकाराने बरे, वजनाने जरा जास्त.

"दात शाबूत असेपर्यंत खा," मी म्हणालो.

ती हसली नाही. मला वाटलं, टाके ओढत असतील.

पुढच्या रविवारी रिकामा डबा घासूनपुसून मला परत मिळाला. माझी छाती फुगली ती काय विचारता! ऑफिसात मी दोन दिवस दुसरा विषयच काढला नाही. "बायकोने सगळे संपवले," मी सांगत होतो. "आठ दिवसांत वीस लाडू." आमचे एक वरिष्ठ म्हणाले, "मग तब्येत सुधारली असणार." मी म्हणालो, "म्हणजे काय!" तब्येत मी बघितली होती कुठे? मी डबा बघितला होता.

त्याच दुसऱ्या रविवारी पिशवीतून नेलेले नवे लाडू त्या डब्यात भरून तिच्यापुढे ठेवले आणि विचारलं, "कशी आहेस?"

"बरी."

"पोरगी?"

"बरी आहे."

"रात्री झोपू देते का?"

"देते."

तिची उत्तरं इतकी छोटी झाली होती, आणि मला त्याचं बरंच वाटलं होतं. उरलेला वेळ सगळा माझा. साहेबांची नक्कल केली, गाडीतल्या भांडणाचा किस्सा सांगितला. शेजारच्या खाटेवर विरारची एक बाळंतीण होती, मोठ्या आवाजाची, गुटगुटीत. तिची सासू म्हणे अंथरुणाला, आई खानदेशात. ती माझ्या प्रत्येक वाक्याला हसायची. त्यामुळे खोलीत हशा होता. हशा आहे म्हणजे सगळं ठीक आहे, अशी माझी जन्मापासूनची समजूत.

तिसऱ्या रविवारी वाडीत शिरलो, पायजमा वर खोचला, विहिरीकडे गेलो, तर विहिरीचं तोंड झाकलेलं. पत्रे टाकलेले, त्यावर जुनी दारं, त्यावर चिरे. रहाटाचा दोर काढून नेलेला. बाय म्हणाली, "पाणी आजपासून पलीकडच्या वाडीतून आणा."

मी खोलीच्या दारात उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "काय बाय, विहीरपण बाळंत झाली का? कानटोपी घातलीत ती!"

विरारची हसली, पण तिचं हसू मध्येच तुटलं. बायने माझ्याकडे बघितलं. बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि मुलगी बायच्या खांद्यावर होती. मी हे सगळं बघितलं, आणि मला काय वाटलं असेल? विनोद थोडा लांबला, असं वाटलं.

त्या दिवशी निघताना बाय फाटकापर्यंत आली. "जावई, एक बोलायचं होतं."

"बोला की. पण आधी हे ऐका," असं म्हणून मी कसलासा किस्सा सुरू केला. किस्सा संपेपर्यंत माझी एसटी आली.

चौथ्या रविवारीही ती फाटकापर्यंत आली. पाचव्याही. तेव्हा मी काय सांगितलं ते आठवत नाही. काहीतरी सांगितलं असणारच.

मग गावाहून आईचं पत्र आलं. तिने पुतण्याकडून लिहवून घेतलेलं. 'सव्वा महिना झाला की सूनबाईकडून विहिरीची ओटी भरून घे. त्याशिवाय बाळंतिणीने पाण्याला हात लावायचा नसतो. तुमच्या बिल्डिंगला विहीर नसेल तर ती आहे तिथलीच चालेल.' आमच्या इमारतीला गच्चीवर सिमेंटची टाकी होती, तिच्यावर 'येथे कपडे वाळत घालू नयेत' असं लिहिलेलं. तिची ओटी भरायची म्हणजे शिडीवर चढावं लागलं असतं. गिरीजचीच विहीर बरी.

चाळिसाव्या दिवशी, गुरुवारी, मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. नारळ, खण, तांदूळ, हळदकुंकू, सगळं पिशवीत. वार चुकवून गेलो, कारण म्हटलं, बायकोला जरा चकित करू.

बाय अंगणात केळीची पानं पुसत बसली होती. मी पिशवी दाखवली. "विहीर जरा उघडा. ओटी भरायचीय."

"नाही उघडणार."

"पाच मिनिटांचं काम आहे."

"ती विहिरीजवळ नाही जाणार, जावई."

"अहो, रीत आहे आमची. आईचं पत्र आलंय."

"तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. विहीर नाही उघडणार."

मला कधी राग येत नाही असा माझा लौकिक. त्या दिवशी आला. उन्हातून चालत आलो होतो, हातात नारळ घेऊन एखाद्या भटासारखा उभा होतो आणि ही बाई केळीच्या पानावरून नजरही उचलत नव्हती. मी म्हणालो, आणि हे वाक्य मी आजवर कुठल्याही पाहुण्याला सांगितलेलं नाही: "तुमच्या धर्मात बसत नसेल तर तसं स्पष्ट सांगा ना. मी दुसरी विहीर बघतो."

पाचवीचा पाटा-वरवंटा जिने स्वतः मांडला, तिला मी हे म्हणालो.

तिने हातातलं पान खाली ठेवलं. खोलीतून विरारची बाहेर आली, पोर खांद्याशी, डोक्याचा रुमाल सुटलेला. ती मोठ्या आवाजाची बाई त्या दिवशी हळू बोलली, म्हणून जास्त लागलं.

"भाऊजी, गप्प बसा. बायला कसले बोलता? तुम्हाला काय माहितीय? ती महिनाभर धड जेवत नाही. पोरीला पाजायला घेत नाही, आम्ही धरून पाजवतो. तुमचे लाडू पण तिने नाही खाल्ले. सगळे मीच खाल्ले."

आणि मी काय म्हणालो? बायको जेवत नाही, पोरीला घेत नाही, एवढं सगळं ऐकून माझ्या तोंडून आलं, "एकही नाही?"

विरारची माझ्याकडे बघतच राहिली. तिची पोर रडायला लागली म्हणून ती आत गेली.

मग बाय बोलली. दुसऱ्या रविवारी मी येऊन गेलो, त्यानंतर दोन दिवसांनी दुपारी सगळ्या झोपल्या असताना तिला बायको खाटेवर दिसली नाही. बाहेर आली तर ती विहिरीच्या काठावर बसली होती, पाय आत सोडून. पोरगी शेजारी धुण्याच्या दगडावर, दुपट्यात. बायने हाक मारली नाही. मागून जाऊन तिला कवेत धरलं आणि दोघी बराच वेळ तशाच बसून राहिल्या. त्या दिवसापासून विहीर बंद. बायने आपली चटई बायकोच्या खाटेशी टाकली.

"तिने मला शपथ घातली, यांना सांगू नका म्हणून," बाय म्हणाली. "तरी मी सांगणार होते. शपथेचं मी माझ्या देवाशी बघून घेतलं असतं. तीन रविवार फाटकापर्यंत आले." तिने केळीचं पान पुन्हा उचललं. "तुम्ही गोष्टी सांगत होता, जावई."

मी आत गेलो. बायको उठून बसली होती. अंगणातलं सगळं तिने ऐकलेलं होतं. मी खाटेच्या टोकाला बसलो. जिभेवर काहीतरी येत होतं, नेहमीसारखं. कधी नव्हे ते मी गिळलं.

तेव्हा ती म्हणाली, "मला हिचं काही वाटत नाही."

"कुणाचं?"

"पोरीचं. रडली की वाटतं, कुणाची तरी रडतेय. सगळ्या म्हणतात, नाकडोळे माझ्यावर गेलेत. मला दिसतच नाहीत." मग म्हणाली, "माझी आई असती तर मला जमलं असतं का हो?"

त्यावर "तू मला का नाही सांगितलंस?" असा अत्यंत दीडशहाणा प्रश्न मी विचारला.

"कधी सांगणार होते?"

मी खाटेवर जरा पुढे सरकलो.

"तो नारळ खाली ठेवा," ती म्हणाली. तेव्हा कळलं की मी तो मांडीवर धरून बसलो होतो, पोर धरावं तसा.

दुसऱ्या दिवशी बायने आम्हाला वसईतल्या एका मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. पाटी वाचून मी जिन्यातच थांबलो, कुणी ओळखीचं बघतंय का म्हणून. बाय वरून ओरडली, "जावई, दात दुखत असता तर थांबला असता का?" डॉक्टरांनी सगळं ऐकलं आणि शांतपणे सांगितलं की बाळंतपणानंतर काही बायकांना असं होतं, हा आजार आहे, स्वभाव नाही, गोळ्या लागतील, वेळ लागेल, आणि तिला एकटं सोडायचं नाही. वेळ किती, ते त्यांनी सांगितलं नाही. मी ऑफिसात सांगितलं, बायकोची कंबर धरलीय. कंबरेला लोक औषधं सुचवतात. मनाला काय सुचवतील याची मला भीती वाटत होती.

सव्वा महिना संपला तरी बायने तिला ठेवून घेतलं. माझा रविवारचा नियम मोडला. मी रोज ऑफिस सुटलं की थेट गिरीजला जायचो. पलीकडच्या वाडीतून पाणी आणायचं, पिंपं भरायची, मग पोरीला मांडीवर घेऊन खाटेशी बसायचं. बोलायचं नाही. हा नियम बायने घातला होता. "तिला बोलू द्या. नाही बोलली तर नाही." माझ्यासारख्या माणसाला ही शिक्षा काळ्या पाण्याची. पहिले काही दिवस मी आढ्याच्या वाशांची मोजणी केली. वासे सतरा होते.

सुधारणा झाली ती कुणाला दाखवता येईल अशी नव्हती. एक दिवस तिने अर्धी भाकरी खाल्ली. दोन दिवस पुन्हा नाही. एक दिवस पोरीची नखं वाढलीत असं म्हणाली, आणि बायने लगेच कात्री दिली नाही. "तूच बघ, मला दिसत नाही," म्हणाली. तिला चांगलं दिसायचं. विरारची तोवर घरी गेली होती. जाताना माझ्या हातात रिकामा डबा देऊन म्हणाली, "भाऊजी, लाडू कडक होते, पण मला अंगी लागले." तिला रागवावं असं काहीच माझ्याकडे नव्हतं.

विहिरीचं झाकण काढायचं का, हे बाय मला कधी विचारायची नाही. संध्याकाळची प्रार्थनेची घंटा झाली की दिवा लावून ती बायकोला विचारायची, "काढू?"

"आज नको," बायको म्हणायची.

"बरं."

असं किती दिवस चाललं, मी मोजलं नाही. मुलगी मान धरायला लागली, पालथी पडायला लागली. एका संध्याकाळी मी एक जुना किस्सा, अगदी हळू आवाजात, पोरीला सांगत होतो. शेवटाला आलो, तेवढ्यात खाटेवरून बायकोनेच शेवटचं वाक्य सांगितलं. नेहमीसारखं, माझ्याआधी. मग स्वतःच दचकली. बाय स्वयंपाकघरात होती, ती बाहेर आली नाही, पण भांड्याचा आवाज थांबला.

त्यानंतरही आठ-दहा दिवस "आज नको" चाललं. मग एका रविवारी बायको म्हणाली, "काढा."

मी आणि बाय, दोघांनी चिरे बाजूला केले, दारं उचलली, पत्रे ओढले. बायने दोर आणून रहाटावर घातला. बायको पुढे झाली. बाय तिच्या इतकी जवळ उभी राहिली की दोघींची सावली एक झाली. बायकोने एक कळशी शेंदली. भरून वर आली, तिने ती काठावर ठेवली आणि हात धुतले. बस.

"ओटी भरायची का गं?" बाय म्हणाली. "तुझ्या सासूचं पत्र आहे म्हणे."

"नारळ कुठाय?" मी विचारलं. मला वाटलं, तो कुठे देवाजवळ ठेवला असेल.

"तो होय? तो त्याच शुक्रवारी मासळीच्या कालवणात गेला. तुम्हीपण खाल्लंत, दोनदा घेतलंत."

बायको हसली. मोठ्याने नाही. आम्ही नारळ-खणाशिवाय, नुसतं हळदकुंकू वाहून ओटी भरली. मी आईला पत्र लिहिलं, सगळं यथासांग झालं.

एवढं मी मुलीला सांगितलं. मध्येच दोनदा थांबलो. 'तुमच्या धर्मात' या वाक्यापाशी आणि 'एकही नाही?' यापाशी. मुलगी पोटावर हात ठेवून ऐकत होती. बाय जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या वाडीत इमारत आहे, विहीर बुजवलीय.

मुलीने मला काही विचारलं नाही. आईला विचारलं, "तू पाय सोडून बसलीस तेव्हा मी दगडावर होते?"

"हो."

"पडले असते म्हणजे?"

बायको उठली, कप गोळा करायला लागली. इतक्या वर्षांत हे मी तिला कधी विचारलं नव्हतं, आणि तिनेही कधी सांगितलं नव्हतं.

"नसतीस पडली," ती म्हणाली. "तू घरंगळू नयेस म्हणून मी एका बाजूला बादली ठेवली होती. दुसऱ्या बाजूला यांचा लाडवांचा डबा."

मी विचारलं, "डबा भरलेला होता?"

"भरलेला होता, म्हणूनच घेतला," ती म्हणाली. "रिकामा सरकला असता."